प्लेटिंगच्या गाळात सिमेंट किती घालायचं?

विचारलेलं थोडक्यात असं. बेळगावच्या उद्यमबागेत छोटं प्लेटिंग युनिट आहे, म्हणजे धातूच्या वस्तूंवर दुसऱ्या धातूचा थर चढवणारं. झिंक (जस्त) आणि हार्ड क्रोम दोन्ही कामं चालतात. सांडपाण्याचा गाळ फिल्टर प्रेसमधून काढून पोत्यांत भरलाय आणि तो दोन टनांवर गेलाय. कुणीतरी सांगितलं की सिमेंट मिसळून ठोकळे पाडले की धातू बाहेर येत नाहीत. मागच्या वर्षी तसे साठ-सत्तर ठोकळे करून कंपाउंडच्या कडेने बसवलेही. आता तीन गोष्टी विचारल्यात: पन्नास किलोच्या पोत्याला सिमेंट किती, कुठलं, आणि काही ठोकळे आठवडा झाला तरी ओलेच का राहतात?

आकडा हवाच असेल तर आधी देऊन टाकतो. नीट पिळलेला केक (प्रेसमधून निघालेला गाळ) असेल, त्यातला हेक्झाव्हॅलंट क्रोम, म्हणजे क्रोमचं विषारी आणि पाण्यात विरघळणारं रूप, आधीच मारलेला असेल, सायनाइड आणि तेल नसेल, तर १०० किलो केकला ३० किलो सिमेंट आणि ३० किलो फ्लाय अॅश (कोळशाच्या वीज केंद्रातली बारीक राख) इथून चाचणी सुरू करतात. ही फक्त चाचणीची सुरुवात आहे, यावर लगेच सगळा माल कालवायला घेऊ नका. आणि वरच्या वाक्यात जितक्या 'असेल' आहेत, त्यातली एकही खरी नसेल तर दुप्पट सिमेंट घालूनही उपयोग होणार नाही. तुमच्या वर्णनावरून किमान दोन खऱ्या नाहीत असं दिसतं.

सिमेंट नेमकं काय करतं ते आधी बघू, म्हणजे पुढचं आपोआप कळेल. सिमेंटला पाणी लागलं की त्यातून चुना सुटतो आणि मिश्रणाचा पीएच १२.५ च्या वर जातो. या अल्कलीत बहुतेक धातू हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतात, म्हणजे पाण्यात विरघळायचे थांबतात. दुसरीकडे सिमेंटचा जेल तयार होतो. काही धातू त्याच्या पृष्ठभागाला चिकटतात, काही त्यात अडकतात. तिसरं काम साधं आहे: भुसभुशीत गाळाचा दगड होतो, त्यामुळे पाणी आत शिरायला आणि बाहेर यायला वाट कमी मिळते. या तिन्हींत धातू नाहीसा कुठेच होत नाही. क्रोम होता तेवढाच ठोकळ्यात राहतो. म्हणून ठोकळा कडक झाला का यापेक्षा आतला धातू कुठल्या रूपात आहे, हे आधी बघायचं.

तुमच्या बाबतीत खरी अडचण इथेच आहे. हार्ड क्रोमच्या बाथमधला क्रोम हेक्झाव्हॅलंट असतो, क्रोमेटच्या रूपात. क्रोमेटवर ऋणभार असतो, त्यामुळे तो हायड्रॉक्साइड होऊन बसत नाही. पीएच ३ असो की १२.५, तो विरघळलेलाच राहतो. सिमेंटच्या जेलमध्ये थोडाफार अडकतो, पण त्यावर विसंबून चालत नाही. असा गाळ थेट सिमेंटमध्ये कालवला तर ठोकळा दगडासारखा होईल, आणि पहिल्या पावसात त्यातून पिवळं पाणी येईल. शिवाय बाजारातल्या सिमेंटमध्येही थोडा हेक्झाव्हॅलंट क्रोम असतो. भट्टीच्या उष्णतेत आणि हवेत कच्च्या मालातला क्रोम तसा होतो. गवंड्यांच्या हाताला सिमेंटची खाज आणि पुरळ येते त्यामागे तोही एक कारण आहे.

म्हणून नियम असा ठेवा: आधी क्रोम ट्रायव्हॅलंट करायचा, म्हणजे कमी विषारी आणि खाली बसणाऱ्या रूपात आणायचा, मग गाळ, मग सिमेंट. सगळ्यात स्वस्त जागा म्हणजे ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा), कारण पाण्यात असतानाच क्रोम मारणं सोपं असतं. क्रोमचं धुण्याचं पाणी झिंकच्या पाण्यात मिसळू न देता वेगळ्या टाकीत घ्या. सल्फ्युरिक अॅसिडने पीएच २.५ च्या आसपास आणा आणि सोडियम मेटाबायसल्फाइट घाला. हिशेबाने १ किलो हेक्झाव्हॅलंट क्रोमला सुमारे २.७५ किलो लागतं, प्रत्यक्षात ३ ते ३.५ किलो धरा. पाणी पिवळ्या-नारिंगीवरून हिरवं होतं. रंग बदलला की अर्धा तास ढवळत ठेवा आणि मगच पाण्यात कालवलेला चुना घालून पीएच ८ ते ८.५ वर न्या. पीएच ४ च्या वर असताना मेटाबायसल्फाइट टाकणं ही नेहमीची चूक. तिथे प्रतिक्रिया इतकी मंद होते की अर्धा क्रोम तसाच पुढे जातो आणि कामगाराला वाटतं, पुडी टाकली म्हणजे काम झालं. ही टाकी उघड्या, वाऱ्याच्या जागी हवी, कारण आम्लात सल्फर डायऑक्साइड सुटतो.

झिंकचा बाथ सायनाइडचा असेल तर तो प्रवाह याहूनही काटेकोरपणे वेगळा ठेवा. पीएच १०.५ च्या वर ठेवून हायपोक्लोराइटने सायनाइड आधी तोडायचं. सायनाइडचं पाणी क्रोमच्या आम्लाच्या टाकीत चुकून गेलं तर हायड्रोजन सायनाइड सुटतो आणि माणूस जागेवर जाऊ शकतो. दोन्ही पाइपांना वेगवेगळे रंग द्या, आणि एकाच गटारात उतरणारी जोडणी ठेवूच नका.

आता पोत्यांत आधीच साठलेल्या दोन टनांचं काय? आधी त्यात हेक्झाव्हॅलंट क्रोम आहे का ते बघा. वेगवेगळ्या पोत्यांतून थोडा थोडा गाळ घेऊन एकत्र करा. त्यातला १० ग्रॅम १०० मिली साध्या पाण्यात तासभर हलवा आणि गाळून घ्या. डायफिनाइल कार्बाझाइडचं द्रावण ताजं करा, ५० मिली अॅसिटोनमध्ये पाव ग्रॅम. गाळलेल्या पाण्यात सल्फ्युरिक अॅसिडचे थेंब टाकून ते आम्ल करा आणि वरून हे द्रावण घाला. पाच-दहा मिनिटांत जांभळट रंग आला तर हेक्झाव्हॅलंट क्रोम आहे. ही चाचणी फक्त आहे की नाही ते सांगते. किती आहे, ते अल्कलाइन डायजेशन करून मोजायला लॅबला सांगा. (गाळात सायनाइडची शंका असेल तर त्यावर आम्ल टाकणारी कुठलीच चाचणी शेडमध्ये करू नका, नमुना लॅबलाच द्या.)

निघाला तर गाळातला क्रोम मारायला मेटाबायसल्फाइटऐवजी फेरस सल्फेट बरं, म्हणजे आपला हिराकस. त्याला आम्लाची गरज नसते, पीएच ७-८ लाही तो काम करतो. शिवाय त्यातून तयार होणारं फेरिक हायड्रॉक्साइड क्रोमला सोबत घेऊन बसतं. १ किलो हेक्झाव्हॅलंट क्रोमला हिशेबाने १६ किलो हिराकस लागतो. समजा लॅबने किलोमागे ५०० मिलिग्रॅम सांगितलं. मग १०० किलो गाळात ५० ग्रॅम क्रोम झाला आणि हिराकस ८०० ग्रॅम. पण हवेतला ऑक्सिजन आणि गाळातली घाणही काही हिराकस खाऊन टाकतात, म्हणून दुप्पट ते तिप्पट धरायचा, दीड ते अडीच किलो. हिराकस हिरवट-निळसर खड्यांचा हवा. पोत्यात राहून पिवळा-तपकिरी झालेला असेल तर त्याचं फेरिक झालेलं आहे, आणि त्याने क्रोमचं काहीच होत नाही. कमीत कमी पाण्यात विरघळवून गाळात नीट कालवा, झाकून चोवीस तास ठेवा आणि पुन्हा जांभळ्या रंगाची चाचणी करा. रंग आला तर आणखी हिराकस. रंग थांबल्यावरच थोड्या चुन्याने पीएच ८.५ च्या आसपास आणायचा. हिराकस आणि सिमेंट एकाच घमेल्यात एकदम टाकलं तर पीएच लगेच वर जातो, लोखंड हवेनेच गंजून जातं आणि क्रोमला फारसं काही मिळत नाही.

इथे एक गाळ बाजूला काढा: हार्ड क्रोम टाकीच्या तळाचा पिवळा चिखल. तुमचे अॅनोड शिशाचे असणार, टिन किंवा अँटिमनीचं मिश्रण असलेले. त्यामुळे तळाला लेड क्रोमेट साठतं, आणि सल्फेट कमी करायला बेरियम कार्बोनेट वापरत असाल तर बेरियमही. लेड क्रोमेट साध्या पाण्यात फारसं विरघळत नाही, म्हणून ते सुरक्षित वाटतं. पण सिमेंटच्या कडक अल्कलीत शिसं आणि क्रोमेट दोन्ही मोकळे होतात. म्हणजे ज्या सिमेंटने ते बांधायचं, तेच त्याला सोडवतं. हा चिखल ईटीपीच्या केकमध्ये कधीही मिसळू नका. वेगळ्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये, लेबल लावून, तसाच बाहेर पाठवा.

शिशाचं हे वागणं जास्त सिमेंट घालणाऱ्यांना हमखास फसवतं. झिंक, शिसं, तांबं आणि ट्रायव्हॅलंट क्रोम हे धातू दोन्हीकडे विरघळतात, आम्लात आणि कडक अल्कलीतही. ट्रायव्हॅलंट क्रोम पीएच ८ च्या आसपास सगळ्यात कमी विरघळतो, झिंक ९ ते १० दरम्यान, निकेल १० च्या थोडं वर, कॅडमियम ११ च्या आसपास. सिमेंटच्या पाण्याचा पीएच १२.५ च्या पुढे असतो. म्हणून झिंकच्या गाळात सिमेंट वाढवत गेलात तर एका मर्यादेनंतर झिंक कमी होण्याऐवजी वाढताना दिसतं.

कमी घालूनही चालत नाही, त्याचं कारण चाचणीत आहे. कचरा घातक ठरतो की नाही हे बघायला टीसीएलपी चाचणी करतात. नमुना ९.५ मिलिमीटरपेक्षा बारीक करून वीसपट वजनाच्या अॅसेटिक अॅसिडच्या द्रावणात १८ तास फिरवतात. सिमेंटसारख्या अल्कली मालाला २.८८ पीएचचं कडक द्रावण लावतात. हिशेब केला तर दर ग्रॅम नमुन्यावर सुमारे २ मिलिइक्विव्हॅलंट (आम्ल-अल्कली मोजायचं एकक) आम्ल पडतं. १ ग्रॅम सिमेंटमधला सगळा चुना कामी आला तर तो अंदाजे २२ मिलिइक्विव्हॅलंट आम्ल खाऊ शकतो. म्हणजे मिश्रणात १० टक्के सिमेंट असेल तर कागदावर जेमतेम बरोबरी होते, आणि १८ तासांत सगळा चुना बाहेर येत नाही. म्हणून ८-१० टक्क्यांवर काम भागवायला गेलात की शेवटचा पीएच ५-६ वर पडतो आणि धातू सुटतात. रिपोर्ट घेताना लॅबकडून अर्काचा शेवटचा पीएच लिहून घ्याच. तो ८ ते १०.५ मध्ये असेल तर मिश्रण जागेवर आहे. ६ असेल तर सिमेंट कमी पडलं, १२ असेल तर जास्त झालं. त्या एका आकड्यावरून पुढच्या वेळी काय बदलायचं ते कळतं.

आता ठोकळे ओले का राहतात ते. पहिला संशय झिंकवर. झिंक सिमेंटच्या कणांवर पातळ थर धरतं आणि पाणी आत जायचं थांबवतं, त्यामुळे सेटिंग दिवसच्या दिवस लांबतं. शिसंही असंच करतं. अॅसिड झिंकचा बाथ असेल तर त्यात बोरिक अॅसिड असतं, आणि बोरेटही सिमेंटला मागे खेचतं. डीग्रीझिंगच्या टाकीतलं तेल गाळात आलं तर तेही. आणखी एक कारण आपल्याच भागातलं, ज्यावर कुणाचं लक्ष जात नाही: साखर. साखर कारखान्यांकडून स्वस्तात मिळणारे मळीचे जुने ड्रम लोक गाळ साठवायला घेतात. सिमेंटच्या वजनाच्या शेकडा ०.१ इतकी साखरही सेटिंग बिघडवायला पुरते. शेजारच्या फाउंड्रीची (ओतकामाच्या कारखान्याची) वापरलेली वाळू भरताड म्हणून मिसळणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं, कारण साच्याच्या वाळूत मळी घालायची पद्धत आहे आणि बेंटोनाइट पाणीही ओढतं.

यावर उपाय परिस्थितीनुसार. झिंकमुळे असेल तर सिमेंटच्या ३ ते ५ टक्के सोडियम सिलिकेट घालून बघा. सीओटू कोअर करणाऱ्या कुठल्याही फाउंड्रीत ते असतंच, उद्यमबागेत शोधायला लांब जावं लागणार नाही. ते लवकर जेल करतं आणि झिंकला सिलिकेटमध्ये पकडायलाही मदत करतं. कॅल्शियम क्लोराइड सिमेंटच्या २ टक्क्यांपर्यंत चालतं. तेल असेल तर ते आधी, पाण्यातच वेगळं काढावं लागतं, नंतर त्याला औषध नाही. साखरेचे ड्रम बदला.

पण बहुतेक वेळा खरा दोषी पाणी असतं. केकमध्ये ६५ टक्के पाणी असेल तर १०० किलोत ६५ किलो पाणी. त्यात ३५ किलो सिमेंट घातलं तर पाणी-सिमेंट प्रमाण १.८ च्या वर गेलं. स्लॅबचं काँक्रीट आपण अर्ध्याच्या आसपास ठेवतो. मग ठोकळा पेढ्यासारखा दबला तर नवल काय? हेच पाणी ४५ टक्क्यांवर आणलं आणि ३० किलो सिमेंटला ३० किलो फ्लाय अॅश दिली तर पाणी आणि बांधणाऱ्या मालाचं प्रमाण ०.७५ होतं आणि मिश्रण हाताला लागतं. त्यामुळे पहिलं मोजमाप ओलाव्याचं. १०० ग्रॅम गाळ १०५ अंशांवर ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. अंदाजाने पाणी ठरवू नका, कारण बाहेरून कोरडा दिसणारा केकही ६० टक्के पाणी धरून असतो.

सिमेंट कुठलं याचं उत्तर: दुकानात सहज मिळणारं पीपीसी चालतं, पण त्यात आधीच १५ ते ३५ टक्के फ्लाय अॅश असते, तेव्हा वरून घालायची अॅश तेवढी कमी करा. झिंकने मागे खेचलं की पीपीसी आणखी हळू होतं. अशा वेळी ४३ ग्रेडचं ओपीसी (राख न मिसळलेलं साधं सिमेंट) आणि वेगळी फ्लाय अॅश बरं. माझी पसंती मात्र स्लॅग सिमेंटला, म्हणजे पीएससीला. ओपीसीपेक्षा त्यात चुना कमी सुटतो, छिद्रं बारीक होतात, आणि स्लॅगमधल्या थोड्या सल्फाइडमुळे उरलासुरला हेक्झाव्हॅलंट क्रोमही कमी व्हायला मदत होते. हिराकस घातलेल्या गाळात सल्फेट वाढलेलं असतं. ओपीसीत त्यातून नंतर एट्रिंजाइट नावाचा क्षार फुगून ठोकळ्याला तडे जाऊ शकतात, स्लॅग सिमेंट ते जास्त सहन करतं. तोटा एवढाच की सुरुवातीला ताकद हळू येते, आणि पावसाळ्याच्या थंडाव्यात तर आणखी हळू.

चाचणीचे साचे असे पाडा. एकाच ढिगाचा, नीट एकजीव केलेला गाळ घ्या. १०० किलो गाळामागे सिमेंट १५, २५, ३५ किलो, प्रत्येकासोबत तेवढीच फ्लाय अॅश आणि एक नुसता गाळ, असे चार गट. आधी गाळाच्या गुठळ्या फोडायच्या, मग अॅश, मग सिमेंट, आणि लागलंच तर पाणी शेवटी. काँक्रीटच्या फिरत्या ड्रमच्या मिक्सरमध्ये हा माल गोळे होऊन फिरत राहतो, आत सिमेंट जातच नाही. पॅन मिक्सर किंवा पग मिल हवी, किमान दहा मिनिटं. फाउंड्रीचा सँड मिक्सर उसना आणू नका, नंतर त्यातून निघणाऱ्या वाळूत क्रोम जाईल. गमबूट, नायट्राइलचे हातमोजे, मास्क, आणि कोरड्या भुकटीची धूळ अजिबात उडू द्यायची नाही.

७०.६ मिलिमीटरचे सिमेंटच्या चाचणीचे साचे शहरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या सिव्हिल लॅबमध्ये असतात. प्रत्येक गटाचे सहा ठोकळे करा, तीन सात दिवसांना, तीन अठ्ठावीस दिवसांना. क्युरिंग पाण्याच्या टाकीत करू नका. गवंडीकामाच्या सवयीने सगळे तेच करतात, मग धातू टाकीत उतरतो, टाकीचं पाणी घातक होतं आणि ठोकळ्याचा रिपोर्ट खोटा चांगला येतो. प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद ठेवा, त्याचा स्वतःचा ओलावा पुरतो. लँडफिलमध्ये रचता येण्यासाठी साधारण ०.३५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकद पुरेशी मानतात, म्हणजे या साच्याच्या ठोकळ्यावर पावणेदोनशे किलोच्या आसपास भार. इतका कमी भार काँक्रीटच्या मोठ्या मशीनवर वाचता येत नाही, मातीच्या लॅबमधलं अनकन्फाइन्ड कॉम्प्रेशनचं यंत्र मागा.

टीसीएलपी अठ्ठावीस दिवसांनीच. रिपोर्टमध्ये २०१६ च्या घातक व इतर कचरा नियमांच्या अनुसूची २ मधल्या मर्यादांशी ताडून बघा: क्रोम ५, शिसं ५, कॅडमियम १, निकेल २०, झिंक २५० मिलिग्रॅम प्रति लिटर. मात्र मर्यादेखाली आलं एवढ्यावर खूश होऊ नका. समजा नुसत्या गाळाचा क्रोम ४० येतो आणि त्यात तेवढ्याच वजनाचं सिमेंट-अॅश घातलं. काहीच बांधलं गेलं नाही तरी नुसतं पातळ झाल्यामुळे २० येणारच. १८ आलं तर तुमचं सिमेंट फुकट गेलं, २ आलं तर खरोखर बांधलं. चौथा गट नुसत्या गाळाचा का ठेवायला सांगितला, ते आता कळलं असेल. शिवाय साध्या पाण्याची चोवीस तासांची चाचणीही करून घ्या, हेक्झाव्हॅलंट क्रोम मोजून. टीसीएलपीच्या आम्लात उरलेलं फेरस लोखंड क्रोम मारून टाकतं आणि रिपोर्टात तो दिसत नाही. पावसाच्या पाण्यात मात्र दिसतो.

एक वेगळा पण महत्त्वाचा मुद्दा. गाळ वीटभट्टीला किंवा खानापूरकडच्या कौलांच्या भट्टीला देऊन टाका, असा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो. तसं कधीच करू नका. ट्रायव्हॅलंट क्रोम चुन्यासोबत हवेत भाजला की पुन्हा हेक्झाव्हॅलंट होतो, कॅल्शियम क्रोमेट बनून. म्हणजे ईटीपीत पैसे खर्चून जो क्रोम तुम्ही मारला, तो भट्टीत परत जिवंत होतो, आणि ती वीट कुणाच्या तरी घराच्या भिंतीत जाते.

आता परवानगीचं, कारण तुमच्या प्रश्नात ते कुठेच नाही. प्लेटिंगचा गाळ २०१६ च्या घातक व इतर कचरा नियमांच्या अनुसूची १ मध्ये, धातूच्या पृष्ठभागावरच्या प्रक्रियांखाली येतो. त्यावर आवारातच प्रक्रिया करायची असेल, आणि सिमेंट मिसळणं ही प्रक्रियाच आहे, तर कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीपत्रात ती लिहिलेली हवी. ठोकळे, पेव्हर, विटा असा वापर करायचा तर नियम ९ खाली वेगळी परवानगी लागते. साठवण ९० दिवसांपर्यंत, आणि वर्षाला १० टनांपर्यंत गाळ करणाऱ्या लहान युनिटला मंडळ १८० दिवसांपर्यंत मुदत वाढवून देऊ शकतं. फॉर्म ३ मध्ये रोजची नोंद, पाठवताना फॉर्म १० चा मॅनिफेस्ट (मालासोबत जाणारं पत्रक), ३० जूनपर्यंत फॉर्म ४ चं वार्षिक विवरण. कोल्हापूर तासा-दोन तासांवर आहे म्हणून गाळ त्या बाजूला पाठवण्याचा विचार असेल, तर विल्हेवाटीसाठी दुसऱ्या राज्यात नेताना दोन्ही राज्यांच्या मंडळांचं ना-हरकत पत्र लागतं. सीमेवर आपल्याला रोजच्या व्यवहारात दोन राज्यं जाणवत नाहीत, पण या ट्रकला ती जाणवतात. कर्नाटकातल्या अधिकृत विल्हेवाट केंद्राला दिलात तर हा फेरा वाचतो.

आणि खरं सांगायचं तर तुमच्या आकाराच्या युनिटने स्वतः सिमेंट मिसळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. विल्हेवाट केंद्र बहुतेक वजनावर पैसे घेतं, आणि सिमेंट मिसळायचं काम ते स्वतः, लँडफिलमध्ये टाकण्याआधी, नमुना तपासून करतं. तुमचे दोन टन ७५ टक्के पाण्याचे असतील तर त्यात कोरडा माल फक्त ५०० किलो. वर सांगितल्याप्रमाणे सिमेंट आणि अॅश घातली तर वजन ३,२०० किलो होतं, आणि त्यातला प्रत्येक किलो भाड्याने वाहायचा. उलट तोच गाळ ५० टक्के ओलाव्यावर आणला तर १,००० किलो. म्हणून पैसे सिमेंटवर घालण्यापेक्षा फिल्टर प्रेसचं कापड बदलणं, दाब पूर्ण होईपर्यंत थांबणं, कॉस्टिकऐवजी चुना वापरून गाळ दाट करणं, आणि पत्र्याच्या छपराखाली पक्क्या, कडा उचललेल्या फरशीवर तो वाळवणं यावर घाला. वाळवण्याचं काम फेब्रुवारी ते मेमध्ये उरकून घ्या. जून ते सप्टेंबर बेळगावात काही वाळत नाही. त्या दिवसांत कुठूनही वाहिलेलं पाणी शेवटी शिवारातच उतरतं, आणि बळ्ळारी नाल्याला पूर आला की शहापूर-वडगावच्या भातात पाणी उभं राहतं, हे तुम्हीही दर वर्षी बघता.

मिसळणं तेव्हा योग्य, जेव्हा गाळ बराच जास्त आहे, मंडळाची परवानगी आहे, आणि दर बॅचला तपासणी करायची तयारी आहे. बॅच बदलली की गाळ बदलतो. झिंकची ऑर्डर जास्त असलेल्या महिन्याचं प्रमाण क्रोमच्या महिन्याला लागू होत नाही.

राहिले मागच्या वर्षीचे ठोकळे. ते आधी उचला, पण फोडू नका, ग्राइंडर लावू नका. ज्यांच्या कडेला पांढऱ्या क्षाराला पिवळी झाक आहे, तिथे क्रोमेट बाहेर येतोय असं धरून चला. ते वेगळे काढा. उरलेल्यांतून तीन-चार निवडून लॅबला द्या, टीसीएलपीसोबत साध्या पाण्याची चाचणीही मागा. ठोकळ्यांखालची आणि पावसाचं पाणी जिकडे वाहतं तिकडची पंधरा सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती थोडी घेऊन तिच्यातला हेक्झाव्हॅलंट क्रोमही बघा. आवारात बोअर असेल तर त्याचं पाणीही. सगळे ठोकळे ताडपत्रीवर, छपराखाली ठेवा, वजन करून फॉर्म ३ मध्ये लिहा, आणि ईटीपीच्या गाळासोबतच त्यांचा मॅनिफेस्ट करा. लॅबचे आकडे आले की इथेच टाका: ओलावा, क्रोम दोन्ही प्रकारचा, झिंक, शिसं, अर्काचा शेवटचा पीएच, आणि झिंकचा बाथ सायनाइडचा आहे की अॅसिडचा. त्यावरून हिराकस किती आणि पुढे काय, ते नेमकं सांगता येईल.